अंड्यांच्या ट्रेमधले दगड

मनोरमाबाईंच्या दिवाणात अंड्यांचे चार ट्रे होते आणि ही गोष्ट घडेपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात एकही अंडं फुटलेलं नव्हतं. ट्रे पुठ्ठ्याचे, तीस-तीस खळग्यांचे, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्क नाक्यावरच्या बेकरीवाल्याकडून मागून आणलेले. प्रत्येक खळग्यात कापूस आणि कापसावर एकेक दगड. दगड म्हटलेलं मनोरमाबाईंना खपत नाही. त्या ‘नमुना’ म्हणतात. त्यांचे यजमान काशीनाथराव ‘खडी’ म्हणतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण या बाबतीत दोघांपैकी कोणीही माघार घेतलेली नाही.

मनोरमाबाई शास्त्रज्ञ वगैरे नव्हेत. मुंबईतल्या एका कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं त्या लॅब अटेंडंट होत्या. गिरगावातली जागा सोडून मीरा रोडला आल्या तरी नोकरी तीच राहिली. सकाळी पेट्या उघडायच्या, खनिजं पुसायची, ड्रॉपरच्या बाटल्या पातळ ॲसिडने भरायच्या, परीक्षेला टेबलावर नमुने मांडायचे. सर शिकवत असले की त्या मागे फडकं घेऊन उभ्या राहत आणि ऐकत. एकच लेक्चर इतक्या वेळा ऐकलं की सर मध्येच खोकले तर पुढचं वाक्य त्या पुरं करू शकल्या असत्या. एकदा केलंही, आणि सर म्हणाले, “बरोबर. लिहून घ्या.”

त्यांचा जीव जडला तो स्फॅलराइटवर. हे जस्ताचं खनिज, म्हणजे जस्त आणि गंधक यांचा संसार. सर सांगत की त्याच्या नावाचा ग्रीक अर्थच ‘फसवा’ असा आहे. आणि आहेच तसा. काळा असतो, पिवळा असतो, लाल असतो. कधी शिशाच्या खनिजाचं सोंग घेतो, कधी लाल गार्नेटचं, कधी साध्या डिंकाच्या खड्याचं. दर वर्षी प्रॅक्टिकलला निम्मा वर्ग याच्यावर आपटायचा. मग मनोरमाबाई फडकं झटकत टेबलाजवळून जाताना पुटपुटायच्या, “घास आणि हुंग.” फरशीच्या खरबरीत बाजूवर तो घासला की फिकी पिवळट रेघ उमटते आणि कुजक्या अंड्याचा बारीकसा वास येतो. ॲसिड टाकलं तर बारीकसा राहत नाही. मनोरमाबाईंच्या या तीन शब्दांच्या कृपेवर किती मुलं पास झाली, याची नोंद कॉलेजकडे नाही.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी त्यांना राजस्थानातल्या झावरच्या खाणीतला एक फुटका तुकडा दिला. तिथून हा नाद लागला. सुटा स्फटिक त्यांना नको असतो. त्यांना तो गोतावळ्यासकट हवा असतो: खाली पांढरं क्वार्ट्‌झ, बाजूला शिशाच्या गॅलिनाचे चौकोनी ठोकळे, अधेमधे सोन्याची नक्कल करणारं पायराइट, कधी कॅल्साइटचा थर. एकाच भेगेत इतकी वेगवेगळी मंडळी लाखो वर्षं शेजारीशेजारी राहिली आणि कोणी कोणाकडे सोसायटीचं ना हरकत पत्र मागितलं नाही, याचं त्यांना भारी कौतुक. हे वाक्य त्या काशीनाथरावांसमोर मुद्दाम म्हणतात, कारण काशीनाथराव नऊ वर्षं अनुग्रह कुंज सोसायटीचे सचिव आहेत.

काशीनाथराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. ते बोलण्यापेक्षा नोटीस लावणं पसंत करतात. दोन वर्षांपूर्वी मनोरमाबाईंच्या हातून बाथरूममध्ये ॲसिडची बाटली पडली आणि बादलीत भिजत घातलेल्या त्यांच्या सफारीची चाळण झाली. त्या संध्याकाळी फ्रिजवर कागद लागला: ‘यापुढे घरात ॲसिड आढळल्यास सर्व खडी घोडबंदरच्या खाडीत विसर्जित करण्यात येईल.’ खाली मनोरमाबाईंची सही घेतली होती. ही पोकळ धमकी नव्हती. काशीनाथराव शब्दाचे पक्के. एकदा भांडणात ‘यापुढे चहा पिणार नाही’ म्हणाले, त्याला एकवीस वर्षं झाली. अजून कोकोच पितात. मनोरमाबाईंनी उरलेलं ॲसिड गुलाबपाण्याच्या बाटलीत ओतलं आणि ती देवघराच्या मागे ठेवली.

घोडबंदरला हायवेलगत फरशी-मार्बलची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानात गल्ल्याजवळ चमकत्या दगडांचं फडताळ होतं, वास्तूचे आणि नजरेचे दोष काढणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. मनोरमाबाई तिथे बाथरूमच्या फरशा बघायला गेल्या आणि फरशा न बघताच परत आल्या. त्यांच्या पिशवीत एक काळं ढेकूळ होतं. “आंटी, ये नजर का पत्थर है, दरवाजे पे रखने का,” दुकानदार म्हणाला. मनोरमाबाई म्हणाल्या, “हां भैया, हमको बहुत नजर लगती है,” आणि बसस्टॉपपर्यंत अक्षरशः पळाल्या. उन्हात धरल्यावर तो काळा दगड काळा नव्हताच. अंगठ्याच्या नखाएवढा एक अखंड स्फॅलराइटचा स्फटिक, काठाशी कोकम सरबतासारखा लाल, भोवती गॅलिनाचे ठोकळे, खाली दुधासारखं क्वार्ट्‌झ. कॉलेजच्या संग्रहातही असा नव्हता. त्यांनी त्याचं नाव कोकम ठेवलं आणि पहिल्या ट्रेच्या मधल्या खळग्यात त्याला बसवला. रोज दुपारी काशीनाथराव झोपले की त्या भिंग घेऊन त्याला बघत. नातवंडं नव्हती, आणि असती तरी इतकी गप्प बसली नसती.

पुढच्या खेपेला त्याच फडताळातून त्यांनी आणखी एक ओबडधोबड ढेकूळ आणलं. हाही तोच की गार्नेट, एवढाच प्रश्न होता. चाकूने ओरखडा निघाला, रेघ पिवळट आली, म्हणजे तोच. इथे थांबायला हवं होतं. खात्री झाली होती. पण मनोरमाबाईंना तो वास हवा होता. निवृत्त झाल्यापासून सात वर्षं तो वास पोटभर घेतला नव्हता, आणि कोणाला मोगऱ्याची आठवण येते तशी त्यांना त्याची येत होती.

मंगळवारी सकाळी काशीनाथराव वीजबिलाची तक्रार घेऊन गेले. मनोरमाबाईंनी बाथरूमचं दार लावलं, ढेकळाचा चुरा खलबत्त्यात कुटला, स्टीलच्या वाटीत घेतला आणि वर गुलाबपाण्याच्या बाटलीतलं ॲसिड ओतलं. थेंबभर पुरलं असतं. त्यांनी अर्धी वाटी ओतलं आणि वर बेतशीर गरम पाणी. वाटी फसफसली. एकतीस वर्षांची प्रॅक्टिकलं एकदम नाकात शिरली. डोळ्यांत पाणी आलं, काही आठवणीने, काही वायूने. मग त्यांनी शहाणपणा म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला.

तो फॅन उघडतो सी विंगच्या डक्टमध्ये. डक्टमध्ये सात मजल्यांच्या सगळ्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

दहा मिनिटांत सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप खणाणला. ‘किसके घर में अंडा बन रहा है???’ हा संदेश पाचव्या मजल्यावरच्या नीलमबेनचा होता. मागोमाग नाक दाबलेल्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग. अनुग्रह कुंजमध्ये अंडं-मटण चालत नाही, असा लेखी नियम नाही. पण जो नियम लिहिलेला नाही तोच सगळ्यांना तोंडपाठ. ‘घोर अन्याय,’ कोणीतरी लिहिलं. ‘मेरी पूजा चल रही थी,’ आणखी कोणी. मनोरमाबाई वाटी धुऊन, उदबत्ती लावून, सोफ्यावर बसून हे सगळं वाचत होत्या आणि पदर तोंडावर घेऊन हसत होत्या. जन्मात अंडं न उकडलेल्या बाईच्या बाथरूममधून सबंध विंगचा धर्म बुडत होता. त्या दुपारी त्यांना पुरणपोळी खाल्ल्यासारखी झोप लागली.

बुधवारी ॲसिडचे शिंतोडे उडून भिजलेला एक ट्रे त्यांनी टाकून दिला, तिसऱ्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात. डबा तीनशे तीन आणि तीनशे चारच्या मधोमध असतो. तीनशे तीन म्हणजे मनोरमाबाई. तीनशे चारमध्ये भाड्याने राहत होते परभणीकडचे रवी आणि पंचशीला. रवी औषधांच्या कंपनीत, पंचशीला एका पतपेढीच्या काउंटरवर. अकरा महिन्यांचा करार महिनाअखेर संपत होता आणि पुढच्या करारासाठी सोसायटीचं ना हरकत पत्र हवं होतं.

अंड्यांचा रिकामा ट्रे जिन्यात सापडला, ही बातमी फोटोसकट ग्रुपवर आली. फोटोत ट्रे होता, डबा होता आणि डब्यामागे ‘३०४’ हा आकडा होता. ३०३ फ्रेममध्ये आला नव्हता.

मनोरमाबाईंचं हसू तिथेच थिजलं. त्यांनी घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, ‘ड्रेनेज तुंबलं असेल. प्लंबर बोलवा.’ त्याच सोफ्यावर दुसऱ्या टोकाला बसलेल्या काशीनाथरावांनी मान वर न करता टाइप केलं, ‘ड्रेनेज सोमवारीच साफ केलेले आहे. — सचिव.’

“अहो, उंदीर मेला असेल,” त्या तोंडाने म्हणाल्या.

“उंदीर ट्रे आणत नाही,” काशीनाथराव म्हणाले. “रविवारी अकरा वाजता मीटिंग लावतोय. तीनशे चारचं पत्र द्यायचं नाही, असं सगळ्यांचं मत पडतंय. मॅटर तसा सेटल आहे.”

“आणि पत्र नाही दिलं तर?”

“तर महिनाअखेर खाली करतील. जातील कुठेतरी.”

वास ओळखणारा एकच तज्ज्ञ सोसायटीत होता आणि त्याला कोणीच विचारलं नव्हतं. वॉचमन विठू, पन्नाशीचा, जवळच्या तारोडी गावातून रोज येणारा. मनोरमाबाई खाली भाजी घ्यायला गेल्या तेव्हा तो आपण होऊन म्हणाला, “बाय, तो अंड्याचा वास न्हाय. अंडा मी रोज खातंय. ताजा अंडा शिजवला तर असा कधीच सुटत न्हाय. ह्यो काहीतरी वेगलाच हाय.”

“मग सांग ना वर.”

“माजा कोन ऐकनार? मी सांगला तर म्हनतील, तुला बरा म्हाईत.”

शुक्रवारी संध्याकाळी मनोरमाबाई वाटीत शेवयांची खीर घेऊन तीनशे चारमध्ये गेल्या. का गेल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात पुठ्ठ्याची खोकी उघडी पडली होती. पंचशीला भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

“एवढ्यात काय बांधाबांध चाललीय?”

“शेवटी धावपळ नको, काकू. मागच्या जागी आठ दिवस दिले होते. त्याच्या आधीच्या जागी तर चारच.” ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मनोरमाबाईंना खीर कुठे ठेवावी कळेना.

“तुम्ही सांगा ना त्यांना, आम्ही नाही केलं म्हणून.”

पंचशीला हसली. “काकू, मला अंड्याची ॲलर्जी आहे. लहानपणापासून. केकचा तुकडा पोटात गेला तरी तोंड पुरीसारखं फुगतं. रवीपण घरात आणत नाही. पण सांगून काय होणार? वास आला तेव्हा मी पतपेढीत होते, तेही सांगितलं असतं. त्यांनी वास आधीच आमच्या नावावर लिहिलाय. आता आम्ही फक्त सही करायची राहिलीय.”

मनोरमाबाई घरी आल्या आणि दिवाण उघडून जमिनीवर बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली. सबंध आयुष्यात त्यांनी पोरांना पास करायला मदत केली होती आणि आता एका चांगल्या पोरीला नापास करून खुशाल खीर वाटत फिरत होत्या. सांगायला एकच वाक्य लागलं असतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला घोडबंदरची खाडी होती, आणि खाडीच्या तळाशी कोकम. त्या रात्री त्यांनी भिंग हातात घेतलं नाही. शनिवारी दिवसभर काशीनाथरावांशी बोलल्या नाहीत. काशीनाथरावांना वाटलं, गुडघा दुखत असेल.

रविवारी अकराला सी विंगच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. अध्यक्ष जितेंद्रभाई मध्ये, त्यांच्या उजवीकडे काशीनाथराव मिनिट्स-बुक घेऊन, समोर नीलमबेन आणि वीसएक सभासद. रवी आणि पंचशीला मागे खांबाशी उभे. त्यांना खुर्ची द्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. काशीनाथराव ‘विषय क्रमांक एक’ वाचायला लागले तेवढ्यात लिफ्टमधून मनोरमाबाई आल्या. एका हातात टॉवेलने झाकलेला ट्रे, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत खलबत्ता, वाटी, ताटली, गरम पाण्याचा थर्मास आणि गुलाबपाण्याची बाटली.

“भाभी, प्रसाद छे?” जितेंद्रभाईंनी विचारलं.

“तसंच समजा,” म्हणून त्यांनी टॉवेल काढला.

अंड्यांचा ट्रे बघून पहिल्या रांगेने खुर्च्या मागे सरकवल्या. मग सगळे पुढे वाकले, कारण खळग्यांत अंडी नव्हती.

“हा माझा ट्रे. असे चार होते, एक भिजला म्हणून मी डब्यात टाकला. म्हणजे तो फोटोतला ट्रे माझा. आणि मंगळवारचा वास पण माझा. माझ्या दगडाचा. मी बाथरूममध्ये दगडावर ॲसिड टाकलं आणि फॅन लावला. तीनशे चारचा काही संबंध नाही.”

काशीनाथरावांचं पेन थांबलं. “ॲसिड?” ते एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात खाडीला भरती आली.

“अरे भाभी, आप का दिल बडा है,” जितेंद्रभाई मायेने म्हणाले. “पडोसी को बचाने के लिए ऐसा बोल रहे हो. पथ्थर में से अंडे का वास कैसे आयेगा?”

मनोरमाबाईंनी याचा विचार केलाच होता. मंगळवारच्या चुऱ्यातलं चिमूटभर उरलेलं त्यांनी वाटीत टाकलं आणि ॲसिड ओतलं. पण पार्किंग चहूबाजूंनी उघडं, वारा सुटलेला, आणि चुरा जेमतेम. सगळ्यांनी नाकं पुढे केली. काहीच आलं नाही. मग त्यांनी ट्रेमधला एक नमुना खरवडला. त्यावर कॅल्साइटचा थर होता आणि कॅल्साइटवर ॲसिड पडलं की नुसता फेस येतो, वास नाही. फेस आला. मागून कोणीतरी हसलं.

“बस आता, मनोरमा,” काशीनाथराव हलकेच म्हणाले. “वर जा. विषय क्रमांक एक…”

मनोरमाबाईंनी खांबाकडे पाहिलं. पंचशीला त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मोबाइलवर टेम्पोवाल्याचा नंबर शोधत होती.

ट्रेमध्ये एकच नमुना असा होता ज्यात भरपूर, निर्भेळ स्फॅलराइट होतं आणि ॲसिड खाऊन टाकायला कॅल्साइट नव्हतं. मनोरमाबाईंनी कोकम उचलला. उन्हाची एक तिरीप गाड्यांमधून आत आली होती, तिच्यात एकदा धरला. काठाशी लाल चमकला. त्या मनात म्हणाल्या, तू फसवाच निघालास, मेल्या, पण आज खरं बोल. मग त्यांनी बत्त्याचा एक घाव घातला. स्फटिक सरळ कडांनी फुटला, जसा फुटायला हवा तसाच. आणि फुटतानाही देखणा फुटला, याचा त्यांना अभिमान वाटला.

कुटलेली पूड वाटीत. वर ॲसिड. वर थर्मासमधलं गरम पाणी. वर ताटली. त्या साठपर्यंत आकडे मोजत उभ्या राहिल्या, वाटी नीलमबेनच्या पुढ्यात नेली आणि ताटली उचलली.

“बाप रे!” नीलमबेन खुर्चीसकट मागे गेल्या. वास रांगारांगांतून पसरला. कोणी रुमाल काढला, कोणी पळालं, एका आजोबांनी ‘हाच, हाच’ म्हणून बोट नाचवलं. विठू गेटजवळून ओरडला, “मी बोल्लो नव्हतो का!”

नीलमबेनने नाकावरचा पदर काढला, पुन्हा एकदा हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “लेकिन ये तो सडेला वास है,” त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. “आमलेट का वास ऐसा थोडी होता है!”

“अगदी बरोबर,” काशीनाथराव मिनिट्समध्ये लिहिता लिहिता म्हणाले. “भुर्जीचाही नसतो. भुर्जीला कांदा असतो ना.”

वीसएक माना वळल्या, आधी नीलमबेनकडे, मग काशीनाथरावांकडे.

नीलमबेन आपल्या चपला निरखू लागल्या. काशीनाथरावांचं पेन कागदावर एकाच जागी टेकून राहिलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. मनोरमाबाईंना एकदम गुरुवार आठवले. दर गुरुवारी काशीनाथरावांना भाईंदर स्टेशनजवळ बँकेचं काम असतं. दर गुरुवारी ते येताना बडीशेप चघळत येतात आणि रात्री म्हणतात, आज भूक नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांत त्यांनी एवढा चांगला नमुना पाहिला नव्हता.

“बँक कशी आहे हो?” त्यांनी गोड आवाजात विचारलं.

“कोई ने बताया होगा,” जितेंद्रभाई चटकन म्हणाले. धंद्याचा माणूस, बुडती नाव कशी वळवायची ते त्यांना ठाऊक होतं. “नीलमबेन को भी किसी ने बताया होगा. सेक्रेटरीसाहब को भी. आजकल टीवी पे सब दिखाते हैं. तो तीनसो चार का लेटर दे देते हैं. किसी को वांधो? नहीं ना? चलो.”

कोणालाच वांधो नव्हता. सगळ्यांना घरी जायची घाई झाली होती. पत्रावर जितेंद्रभाईंची सही झाली, काशीनाथरावांची सही झाली. पंचशीलाने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला, घडी घातली. मग ती वाकून फरशीवर पडलेले लाल तुकडे वेचायला लागली. “काकू, हा कुठे बसतो? हा इथला आहे का?” मनोरमाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “राहू दे गं. तो आता बसायचा नाही.” पण तिने सगळे वेचलेच.

घोडबंदरच्या खाडीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. फ्रिजवरचा कागद दुसऱ्या दिवशी आपोआप गायब झाला. तरी सचिवाला काहीतरी करणं भागच होतं, नाहीतर शिस्त कशी राहणार. सोमवारी सी विंगच्या लिफ्टशेजारी नोटीस लागली: ‘सदनिका क्र. ३०३ मधील खनिज परीक्षण यापुढे फक्त रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळेतच करण्यात येईल. सदर वेळेत इमारतीत येणाऱ्या कोणत्याही वासाबद्दल सभासदांनी तक्रार करू नये. — सचिव.’

काशीनाथरावांनी हे बायकोला आवर घालायला लिहिलं, असं ते सांगतात. पहिल्या रविवारी काही झालं नाही. दुसऱ्या रविवारी साडेनऊला पाचव्या मजल्यावरून खमंग वास आला, कांदा-मिरचीचा, आणि आणखी कशाचा तरी. ग्रुपवर नीलमबेनचा संदेश आला: ‘मनोरमाबेन के पथ्थर चालू हो गये लगते हैं.’ कोणीतरी अंगठा दाखवला. तिसऱ्या रविवारी दुसरा मजला, चौथा, सहावा. मग स्वतः जितेंद्रभाई लिफ्टमध्ये म्हणाले, “भाभी, आप का शौक बहोत अच्छा है. बंद मत करना.” हल्ली रविवारी नऊच्या ठोक्याला काशीनाथराव स्वयंपाकघराचं दार लावून घेतात आणि आतून तव्यावर काहीतरी फुटल्याचा आवाज येतो. बाहेर येताना ते बडीशेप चघळत असतात. दिवाणातल्या ट्रेंमध्ये परवा एक ट्रे जास्त निघाला, तो बेकरीतून मनोरमाबाईंनी आणलेला नव्हता.

खरं म्हणजे मनोरमाबाईंनी त्या दिवसानंतर एकाही दगडाला ॲसिड लावलेलं नाही. गुलाबपाण्याची बाटली पार्किंगमध्येच रिकामी झाली, पुन्हा भरली नाही. कोकमच्या मधल्या स्फटिकाच्या जागी आता खड्डा आहे, आणि भोवतीचे ठोकळे त्याच्याकडे तोंड करून बसलेत. मनोरमाबाईंना तो अजून बघवत नाही आणि अजून बघितल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी नऊ वाजले की सात मजल्यांची सी विंग अंड्यांच्या वासाने दरवळते. तो वास ज्या घरातून येत नाही, असं एकच घर आहे. मनोरमाबाई टॉवेलखाली ट्रे घेतात, भिंग पदराला अडकवतात आणि दोन तास निवांत तीनशे चारमध्ये जाऊन बसतात.